नाना-नानी आले की सहल जवळचीच हवी

सुट्टीत मुलांचे आजी-आजोबा राहायला आले, सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं ठरलं, की आपल्याकडे पहिलं नाव निघतं लोणावळ्याचं, नाहीतर महाबळेश्वरचं. पहाटे पाचला निघायचं, दोन दिवसांत आठ-दहा ठिकाणं उरकायची, रात्री उशिरा जेवायचं. परत येतो तेव्हा धाकट्याला ताप असतो, आजींच्या पायाला सूज असते आणि घरात धुण्याचा ढीग असतो. एवढं करून आजी आणि नातवंडं एकमेकांशी किती बोलली, हे विचारलं तर सांगता येत नाही. मुलं गाडीत झोपलेली होती आणि आजी हॉटेलच्या खोलीत पाय वर करून पडल्या होत्या.

माझं मत असं आहे, की ही सहल तासाभराच्या आतली, एकाच ठिकाणाची आणि अर्ध्या दिवसाची असावी. ती नातवंडं आणि पाहुणे आलेले आजी-आजोबा या दोघांसाठी असावी. बाकीच्यांनी त्यात मदतीपुरतं असावं. एवढं पाळलं तर खर्च कमी होतो हे खरं, पण मी खर्चासाठी हे लिहीत नाही.

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी कागदावर मांडून बघायची सवय आहे. समजा नाना-नानी वर्षातून दोनदा येतात, मे महिन्यात 15 दिवस आणि दिवाळीनंतर 8 दिवस. वर्षाचे झाले 23 दिवस. मूल तीन वर्षांचं झाल्यापासून त्याला माणसं नीट आठवायला लागतात. दहा-अकरा वर्षांनंतर क्लास, मित्र, मोबाईल सुरू होतात. म्हणजे हातात आठ वर्षं. 23 गुणिले 8 म्हणजे 184 दिवस. सगळं मिळून सहा महिने! त्यातून मुलांची झोप, आजारपण, आल्या-गेल्याचे दिवस आणि नानींना डॉक्टरकडे न्यायचे दिवस वजा करा. जी काही शिल्लक उरते, तेवढ्यावर त्या मुलाला आपले नाना-नानी आयुष्यभर आठवायचे आहेत. ही शिल्लक एक्स्प्रेस वेवरच्या ट्रॅफिकमध्ये घालवायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.

याच आठ वर्षांत आणखी एक गोष्ट जुळून येते. चार वर्षांच्या मुलाची चाल आणि सत्तरीच्या माणसाची चाल जवळजवळ सारखी असते. दोघंही दहा मिनिटं चालले की थांबतात. दोघांनाही दुपारी आडवं व्हावं लागतं, वेळेवर खायला लागतं, दर तासाला बाथरूम लागतं. दोघांनाही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला आणि ऐकायला आवडते. घाई असते ती मधल्या पिढीला. आणखी काही वर्षांनी मूल पळायला लागतं आणि आजोबांचे गुडघे धरतात. तेव्हा एकत्र नेलं तरी एक पुढे आणि एक मागे अशीच सहल होते. म्हणून चाल जुळलेली आहे तोवर त्या चालीनेच फिरावं.

आमच्या तळेगाव ढमढेरे परिसरात हा प्रश्न आता घरोघरी आहे. रांजणगावची एमआयडीसी, सणसवाडी, शिक्रापूर इथल्या कंपन्यांमुळे मराठवाडा-विदर्भातली कितीतरी तरुण कुटुंबं इथे राहायला आली आहेत. सुट्टी लागली की गावाकडून त्यांचे आई-वडील येतात. आयुष्यभर रानात, अंगणात वावरलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून राहतात. मुलगा शिफ्टला, सून कामात. रविवारी एकदा मॉलमध्ये नेलं की मुलाला वाटतं, फिरवून आणलं. मॉलमध्ये सरकता जिना दिसला की आजी मागे सरते, हे कोणी बघत नाही.

मुलीकडे आलेल्या आई-वडिलांचं तर वेगळंच. आमच्याकडे आईच्या आई-वडिलांना नाना-नानी म्हणतात. जुनी माणसं मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, राहणं तर दूरच. आता तो नियम कोणी पाळत नाही, पण संकोच गेलेला नाही. बार्शीहून आमचे व्याही आणि विहीणबाई येतात तेव्हा त्यांना कुठे जायचंय हे कधीच स्वतःहून सांगत नाहीत. ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घरी बसतो’ हे पहिलं उत्तर. अशा वेळी ‘कुठे जायचं?’ असं विचारून काही हाती लागत नाही. ‘मुलांना मोर दाखवायचे का नदी दाखवायची?’ असं दोनातलं एक विचारलं, की उत्तर येतं. त्यातही मुलांसाठी म्हणून विचारलं, की संकोच जरा कमी होतो.

आता ठिकाणं. लांब जायची गरज नाही, शिरूर-दौंड भागात वर्षभर पुरतील एवढी आहेत. पण कुठलं ठिकाण कोणत्या ऋतूत, कोणत्या गुडघ्यांना चालेल, हे बघायला हवं.

मोराची चिंचोली आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिसतात, भर दुपारी झाडीत शिरून बसतात. म्हणून सकाळी साडेसहाला तिथे पोहोचायचं आणि एका जागी गप्प बसायचं. लहान मुलांना गप्प बसवणं आई-वडिलांना जमत नाही, आजोबांना जमतं. ते कानात हळूच काहीतरी सांगत राहतात आणि मूल टक लावून बघत राहतं. तिथे कृषी पर्यटन केंद्रं आहेत, घरगुती जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करून कांदा, लसूण, बटाटा नको असं सांगून ठेवलं तर ऐनवेळी अडत नाही.

तुळापूर माझ्या आवडीचं. भीमा, भामा आणि इंद्रायणी या तीन नद्यांचा संगम आहे, काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. गावाच्या नावाची एक कथा सांगतात. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाला हत्तीच्या वजनाइतकं दान करायचं होतं, पण हत्ती तोलायचा कसा? शहाजीराजांनी युक्ती सांगितली. हत्तीला नावेत उभं करा, पाणी नावेला कुठवर लागतं तिथे खूण करा. मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरा आणि दगड तोला. म्हणून नागरगावचं झालं तुळापूर. ही कथा नानांनी संगमावर बसून सांगायची आणि घरी आल्यावर मुलांनी बादलीत पातेलं तरंगवून वरवंट्याचं वजन काढायचं. आमच्याकडे सात वर्षांच्या नातीने छोटे गोटे एकेक करून टाकले आणि नंतर ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. ही सहल घरी आल्यावरही दोन दिवस पुरते.

तुळापूर आणि जवळचं वढू बुद्रुक म्हटलं की छत्रपती संभाजी महाराजांचं 1689 सालचं बलिदान आलं. वढूला त्यांची आणि कवी कलशांची समाधी आहे. चार वर्षांच्या मुलाला यातलं किती सांगायचं? हा निर्णय मी नेहमी आजोबांवर सोडते. काय सांगायचं आणि काय मूल मोठं झाल्यावर सांगायचं, हे त्यांना बरोबर कळतं. तीच गोष्ट मोबाईलवर दाखवली तर काही गाळलं जात नाही.

रांजणगावचा महागणपती सगळ्यांना माहीत आहे. तिथे चतुर्थी आणि रविवार सोडून जावं. मधल्या वारी सकाळी गेलात तर रांग कमी असते आणि मुलं हात सोडून पळाली तरी जीव घाबरा होत नाही.

ऊस सुरू झाला की गुऱ्हाळ बघावं. दौंड तालुक्यात केडगाव, पारगावच्या बाजूला आहेत. चरकातून निघणारा रस, चुलवणात जाणारी चिपाडं, काहिलीत उकळणारा पाक, वर येणारी मळी, मग वाफ्यात ओतलेला गूळ. शेतकरी घरातले आजोबा असतील तर त्यांचा चेहरा इथे बघण्यासारखा होतो. गुळव्याशी ते अर्धा तास बोलतात आणि नातवाला कळतं, की आपल्या आजोबांना खूप काही माहीत आहे. शहरात आल्यापासून त्याने आजोबांना फक्त लिफ्टचं बटण विचारताना पाहिलेलं असतं. फक्त काहिलीपासून मुलं दहा हात लांब ठेवायची, एका मोठ्या माणसाने तेवढंच काम बघायचं.

दौंडकडच्या मैत्रिणींना तर जंक्शनच आहे. पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती अशा चारही बाजूंच्या गाड्या. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि बाकावर बसून डबे मोजायचे. तीन वर्षांच्या मुलाला याहून मोठी करमणूक मी पाहिली नाही.

निघोजचे रांजणखळगे फार सुंदर आहेत. कुकडी नदीच्या पुरात दगड गरगर फिरून खडकात हे रांजण कोरले गेले आहेत. पण हे ठिकाण पावसाळ्यात मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना नकोच. खडक निसरडा असतो आणि खळग्यांची खोली वरून कळत नाही. हिवाळ्यात जावं आणि आजी-आजोबांनी मळगंगेच्या देवळाशी बसावं.

पुण्याच्या बाजूला जायचं तर नगर रोडवरचा आगाखान पॅलेस बरा, शहर ओलांडावं लागत नाही. 1942 ते 1944 गांधीजी तिथे कैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच गेले, दोघांच्या समाध्या तिथे आहेत. मोठी बाग, सावली, सपाट रस्ता. वाघोलीची कोंडी टाळायला सकाळी लवकरच निघावं लागतं. मुलांना प्राणीच बघायचे असतील तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, ज्येष्ठांची सोय होते. बुधवारी ते बंद असतं. आणि गुडघे बरे असतील तर केळकर संग्रहालय. तिथले दिवे, अडकित्ते, पितळी भांडी, जुनी कुलुपं यातल्या कितीतरी वस्तू नानींनी हाताळलेल्या असतात. तिथे गाईडची गरज नाही, नानीच गाईड. जिने मात्र चढावे लागतात, हे आधी सांगून ठेवावं.

आता जायचं कशाने? आई, बाबा, दोन मुलं, नाना, नानी ही सहा माणसं झाली. घरच्या गाडीत पाच बसतात. मग कोणीतरी मांडीवर, कोणीतरी दाटीवाटीने, आणि गाडी लागणारं मूल हमखास मधे. मी म्हणते, एकदा एसटीने जाऊन बघा. 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, महिलांना 2023 पासून अर्धं, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं आणि पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही. सहा जणांत पूर्ण तिकीट निघतं ते एकट्या जावईबापूंचं किंवा मुलाचं! शिक्रापूरहून रांजणगाव हा प्रवास मुलांना सहलीइतकाच आवडतो. खिडकी मिळते, कंडक्टर दिसतो, घंटी वाजते. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवायचं.

गाडीनेच जायचं असेल तर माझं एक मत आहे, ते काही मैत्रिणींना रुचणार नाही. घरात कायम राहणाऱ्या आजीने त्या दिवशी घरी थांबावं. आपल्याला नातवंडं वर्षाचे 365 दिवस मिळतात. त्यांना काय आवडतं, कधी झोप येते, कशावर रडतात, हे आपल्याला पाठ असतं आणि म्हणूनच आपण बरोबर असलो की मूल आपल्याकडेच धावतं. नानींनी भरवायला घेतलेला घास तोंडातून काढून ‘दादी भरव’ म्हणतं. आपल्याला आतून बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण समोर विहीणबाई हात तसाच धरून बसलेल्या असतात. आपण घरी असलो तर तोच घास ते मूल नानींच्या हातून खातं, पहिले दोन घास कुरकुरतं इतकंच. मी डबा भरून देते, दारापर्यंत जाते आणि मागे फिरते. दुपारी परत आल्यावर ‘नानींनी काय सांगितलं?’ हे विचारायचं काम माझं. मूल मला सांगतं तेव्हा ते त्याला पक्कं आठवतं.

घरी थांबणं सोपं नाही. मन म्हणतं, आपल्याशिवाय कसं जमेल? जमतं. आमच्या धर्मात अपरिग्रह सांगितला आहे, तो आपण दागिन्यांपुरता आणि साड्यांपुरता समजतो. नातवंडांवरचा हक्क हाही परिग्रहच आहे, असं मला वाटतं.

आई-वडिलांसाठीही एक गोष्ट. आजी-आजोबा म्हणजे मुलं सांभाळायला मिळालेली माणसं नव्हेत. त्यांच्या हातात मुलं देऊन दोघं मोबाईल घेऊन लांब बसतात, हे मी बागेत पाहते. पाण्याजवळ, रस्ता ओलांडताना, पायऱ्यांवर मुलांचा हात धरायची जबाबदारी आई-वडिलांचीच. सत्तरीच्या माणसाने पळणाऱ्या मुलामागे धावायचं नसतं, पडलं तर दोघांचं मोडतं. आजोबांना काम द्यायचं ते गोष्ट सांगायचं, आजीला काम द्यायचं ते डबा उघडायचं. आणि फोटो पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्यावेत, मग फोन पिशवीत. नाहीतर सगळी सहल ‘इकडे बघा, हसा’ म्हणण्यात जाते.

डब्याचं आमचं ठरलेलं आहे. मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, केळी. हे सगळं नानींनाही चावतं आणि चार वर्षांच्या मुलालाही. उकळून गार केलेलं पाणी घरूनच न्यायचं, म्हणजे पोट कोणाचंच बिघडत नाही. गाडी लागणाऱ्यांसाठी आवळा सुपारी आणि सुंठेची गोळी. नानांच्या दुपारच्या गोळ्या वेगळ्या डबीत, आणि ती डबी नानांच्याच खिशात. एक सुती चादर, दोन जादा कपड्यांचे जोड मुलांसाठी आणि एक घडीची खुर्ची. ही खुर्ची फार कामाला येते. जमिनीवर बसून उठणं आता कितीतरी जणांना जमत नाही आणि ते सांगायची लाज वाटते, म्हणून ते तासन्‌तास उभे राहतात. त्याच कारणाने निघण्याआधी कमोडची सोय वाटेत कुठे आहे, हे विचारून ठेवावं. ही चौकशी मुलाने किंवा सुनेने आपणहून करावी, नानींना विचारायला लावू नये.

आमच्या घरी मोठी माणसं चौविहार करतात, सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं. पूर्वी सहलीत ही अडचण वाटायची. मला आता वाटतं, लहान मुलांसाठीही हाच नियम सगळ्यात चांगला आहे. अंधार पडल्यावर बाहेर असलेलं मूल रडतंच. सूर्यास्ताला जेवण म्हणजे पाचपर्यंत घरी, म्हणजे दुपारीच परत फिरायचं. मे महिन्यात तर उन्हामुळे सकाळी सहाला निघून अकराच्या आत घरी यावं. सहल कधी संपवायची हे आधीच ठरलेलं असलं, की ‘अजून एक ठिकाण करू’ हा मोह होत नाही.

यावर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली, ‘मुलांना वॉटर पार्कच हवा असतो.’ हवा असतो, आणि तिथे न्यावंही, पण आई-वडिलांनी, एखाद्या वेगळ्या रविवारी. तिथे आजी-आजोबा कपडे आणि चपला राखत बसतात. दुसरी गोष्ट, ‘एवढ्या लांबून आलेत, मोठं काहीतरी दाखवायला नको का?’ ही काळजी चांगल्या मनाची आहे. पण ते ठिकाण बघायला आलेले नाहीत, नातवंडं बघायला आलेले आहेत. तीर्थयात्रेची इच्छा असेल तर ती वेगळी करावी, निवांत, त्यांच्या वेळेने, मुलांना मधे न आणता.

दर भेटीत असे दोन अर्धे दिवस पुरेत. वर्षाचे चार, आठ वर्षांत बत्तीस. प्रत्येक वेळी नवं ठिकाण हवंच असंही नाही. मुलांना तेच तुळापूर, तीच हत्तीची गोष्ट पुन्हा हवी असते, आणि नानांनाही ती पुन्हा सांगायची असते. दिवाळीनंतर पाहुणे यायचे असतील तर आत्ताच एक फोन करा. जिने चढता येतात का, औषधाच्या वेळा काय आहेत आणि मोर दाखवायचे का गुऱ्हाळ, एवढं विचारून ठेवा. तिसऱ्या प्रश्नाला ‘तुम्ही ठरवा’ असं उत्तर आलं, तर फोन मुलांच्या हातात द्या.